मक्याच्या कणसातला भंडारा

आमच्या घरात दिवस कोंबड्याच्या आरवण्यानं उजाडायचा नाही, भांडणानं उजाडायचा. कोंबडा मान उंच करून घसा साफ करेपर्यंत इकडे चुलीपाशी आई आणि तानूआत्या जुंपलेल्या असायच्या. विषय काहीही चालायचा. "हौसे, कालवणात मीठ घातलंस का मिठात कालवण केलंस?" असं आत्यानं म्हणायचं, आणि आईनं भाकरी थापता थापताच उत्तर द्यायचं, "वन्सं, जिभेची चव गेली म्हंजी म्हातारपण आलं म्हनत्यात." मग बांगड्यांचा आवाज वाढायचा, भाकरीवरच्या थापा वाढायच्या, आणि त्या भाकऱ्या अशा काही टम्म फुगायच्या की मला लहानपणी वाटायचं, भांडल्याशिवाय भाकरी फुगतच नाही. आता सोलापुरात गॅसच्या शेगडीवर मी एकटी, गप्प उभी राहून भाकरी करते, आणि ती पापडासारखी सपाट पडते. लेक म्हणते, पीठ जुनं असेल. असेलही.

तानूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची, अण्णांची थोरली बहीण. लग्न होऊन नांदायला गेली, मूल होईना म्हणून नवऱ्यानं दुसरी आणली. त्या दिवशी आत्यानं सवतीला ओवाळलं, पुरणाचं जेवण रांधून सगळ्यांना वाढलं, आणि दुसऱ्या दिवशी आपली एक शेळी घेऊन चालत माहेरी आली. लुगड्यांचं गाठोडंसुद्धा आणलं नाही. "लुगडी त्यानं घेतल्याली, शेळी माझ्या बापानं दिल्याली," एवढाच हिशेब तिनं सांगितला. ही सगळी माझ्या जन्माआधीची गोष्ट. मला कळायला लागलं तेव्हा आत्या आमच्या घरात दाराच्या उंबऱ्याइतकी मुरलेली होती. उंच, काटक, कपाळावर आडवा भंडारा, आणि तोंड असं की वस्तीवरची कुत्रीसुद्धा तिच्या वाटेतून आधी उठायची.

भंडारा म्हणजे देवाची हळद. आमच्या मेंढरं राखणाऱ्या लोकांत तिच्याशिवाय पान हलत नाही. मूल जन्मलं की भंडारा, मेंढी व्याली की भंडारा, शपथ घ्यायची तर भंडारा उचलून. खोटं बोलून भंडारा उचलला तर तो माणसावर उलटतो म्हणायचे. आमची वस्ती माळशिरसच्या अलीकडे, जिथं डांबरी रस्ता कंटाळून मातीचा होतो तिथं, उघड्या माळावर. आजोबांनी जन्मभर मेंढरांमागं पाय तुडवले. अण्णांच्या वेळेला कालव्याच्या फाट्याला पाणी आलं आणि आम्ही मका लावायला शिकलो. मेंढरं थोडी राहिली, त्यात देवाच्या नावानं सोडलेला एक मेंढा होता, राजा नावाचा. त्याला कापायचं नाही, विकायचं नाही, हाकलायचं नाही. त्यामुळे तो भलताच माजला होता. त्यानं अण्णांच्या पटक्याचं टोक खाल्लं होतं, माझ्या अकरावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकाचं कव्हर खाल्लं होतं, आणि एकदा साबणाची वडी खाऊन दिवसभर तोंडाला फेस घेऊन रुबाबात हिंडला होता.

मी बारावीला गेले त्या वर्षी आत्याच्या सासरचा निरोप आला. निरोप म्हणजे तिचा दीरच आला, नामदेव पाव्हणा, हातात केळ्यांची पिशवी घेऊन. भारी गोड बोलायचा हा माणूस. आत्याची सवत म्हणे पोरांना घेऊन पुण्याला भावाकडं निघून गेली होती, परत यायचं नाव काढत नव्हती, आणि आत्याचा नवरा घरात एकटा, गुडघे धरलेले. "वैनी, झालं गेलं गंगेला मिळालं. घर तुमचंच हाय की. दादाला दोन वेळची भाकरी मिळाली म्हंजी बास," पाव्हणा म्हणाला. मला संतापानं काही सुधरेना. इतक्या वर्षांनी आठवण झाली ती माणसाची नाही, भाकरीची! पण आमच्यात बाईमाणसाला नवऱ्याच्या घरचं बोलावणं आलं तर 'जात नाही' असं तोंडावर म्हणायची सोय नव्हती. आत्या हुशार. तिनं ओसरीवर बसल्या बसल्या हात जोडले, माळावरच्या देवाच्या दिशेनं तोंड केलं आणि चार माणसांदेखत म्हणाली, "मी मनानं आले न्हाय, मनानं जायाची न्हाय. देवानं सोता माझ्या पदरात भंडारा टाकला, त्या दिशी जाईन."

पाव्हण्याचं तोंड केळ्याच्या सालीसारखं उतरलं. देव काय स्वतः येऊन हळद टाकणार होता? आत्या त्या दिवशी इतकी खूश होती की आईशी संध्याकाळपर्यंत भांडली नाही. आईनं दोनदा तिच्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं.

मग आला तो परतीचा पाऊस. मका पुरता वाळला नव्हता, कणसं अजून उभ्या धाटांवर होती, आणि आभाळ असं गळायला लागलं की घरातून बाहेर पडायची सोय राहिली नाही. उघडीप मिळाली तशी आम्ही सगळी रानात पळालो, ओली कणसं मोडून आणली, अंगणात ढीग घातला, आणि पुन्हा भिजू नये म्हणून अण्णांनी त्यावर जाड प्लॅस्टिकचा कागद घट्ट बांधून टाकला. वरून पाणी लागू नये एवढंच आम्हाला कळत होतं. आतल्या ओलीचं काय होतं हे कळत नव्हतं. आता माझा भाचा दाणे एका छोट्या यंत्रात घालतो, ते यंत्र ओल किती ते सांगतं, आणि तोवर पोत्याला हात लावू देत नाही. तेव्हा आमचं यंत्र म्हणजे अण्णांचे दात. दाणा चावायचा, कट्ट वाजला की वाळला. त्या वर्षी घाईत तेवढंही झालं नाही. दोन-चार दिवसांनी ढिगाजवळून जाताना ऊब लागायला लागली, आणि एक वास यायला लागला, जुन्या गोधडीचा असतो तसा. "मका मुरतोय," आत्या म्हणाली. लोणचं मुरतं तसा मकाही मुरतो अशी आमची समजूत.

ऊन पडल्यावर कागद काढला आणि कडुलिंबाखाली कणसं सोलायला बसलो. हे काम मला फार आवडायचं. आई, आत्या, मी, शेजारच्या दोघी-तिघी, सगळ्या पाय पसरून गोल करून बसायचो. वरची पानं फराफरा फाटायची, कणसाच्या मिशा ओठांवर लावून आम्ही पाटील व्हायचो, मध्येच कोवळं कणीस सापडलं तर ते निखाऱ्यांच्या आरात पडायचं. शेंगाची चटणी, भाकरी आणि भाजलेलं कणीस, त्यावर कुणाची तरी लेक कशी नांदते आणि कुणाची सून कशी नांदत नाही याच्या गप्पा. आत्यानं एक जाडजूड कणीस मांडीवर घेतलं, दोन्ही हातांनी पानं ओरबाडली, आणि फस्स करून पिवळी पूड उडाली. सगळी तिच्या पदरात.

कणसाच्या शेंड्यापासून अर्ध्यापर्यंत दाण्यांमधून पिवळा भुगा भरलेला. खरं बोलायचं तर तो पिवळा कमी आणि हिरवट जास्त होता. पण बघणाऱ्याच्या डोळ्यांत नवस असला की हिरवाही पिवळा दिसतो. शेजारची एक जण उठून उभीच राहिली. "आता गं बया! तानूबाय, देवानं भंडारा टाकला की!"

आत्याचा चेहरा पांढराफटक पडला. ती पदराकडे बघत राहिली. मी आत्याला असं घाबरलेलं आधी कधी पाहिलं नव्हतं. स्वतःच्याच शब्दाच्या सापळ्यात तिचा पाय अडकला होता, आणि मोडता येणार नाही असा तो शब्द होता. तिनं हळूच पदराला गाठ मारली आणि देव्हाऱ्यापाशी जाऊन बसली. त्या दिवशी आईनं भाकरी करपवली, तरी आत्या एक अक्षर बोलली नाही. करपलेली भाकरी तिनं मुकाट खाल्ली, आणि मला रडू फुटलं.

दोन दिवसांत सगळ्या माळावर बातमी झाली. बायका कणसाच्या पाया पडायला यायला लागल्या. ढिगात तशीच भुगा भरलेली आणखी कणसं निघाली, ती आत्यानं वेगळ्या पाटीत ठेवली. सासरी जायच्या दिवशी त्यांच्या कण्या करून सगळ्या वस्तीला प्रसाद वाढायचा ठरला. मी जीवशास्त्राचं पुस्तक, राजानं शिल्लक ठेवलं होतं तेवढं, घेऊन तिच्यापुढं बसले. "आत्या, ही बुरशी हाय. शिळ्या भाकरीवर येती तसली. ओल लागली की येती."

"मग भाकरीवरची माझ्या पदरात का पडली न्हाय गं?" आत्या म्हणाली. "नेमकी बोलल्यावरच का पडली?"



इकडे आईच्या कोंबड्या पेंगून बसायला लागल्या. आईनं ढिगाखालचा सांडलेला भुग्याचा मका त्यांना टाकला होता, वाया कशाला घालवायचा म्हणून. माणसाला नको ते जनावराला चालतं, ही आमची जुनी रीत. कोंबड्यांचे पंख लोंबले, तुरे फिके पडले, आणि एकेक करत चांगल्या अंड्यावरच्या कोंबड्या गेल्या. आई कोंबड्यांवर माझ्यापेक्षा जास्त माया करायची, हे मी तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून सांगते. शेजारणी म्हणाल्या, कोंबड्यांची मानमोडीची साथ आली. पण त्याच आठवड्यात मोहोळचा मक्याचा व्यापारी माल बघायला आला. कोंबड्यांच्या खाद्याला मका घ्यायचा तो. त्यानं ढिगात हात घातला, नाकाशी नेला आणि झटकला. दारात उभ्या असलेल्या आईला म्हणाला, "वैनी, ह्यातली हिरवी कणसं निवडून जाळून टाका. कोंबड्यास्नी घालू नका, मेंढरास्नी न्हाय, तुमी तर अजिबात खाऊ नका. लई वंगाळ इख असतंय हे. बाकीचा चांगला वाळवा, मग मी येतो."

त्या विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणतात हे मला पुढं कॉलेजात कळलं. ते काळीज, म्हणजे यकृत, पोखरतं, भाजून शिजवून जात नाही, आणि असली पेंड खाल्लेल्या म्हशीच्या दुधातसुद्धा उतरतं. आजही मी दुकानात मक्याचं पीठ घेताना पुडा नाकाशी धरते, आणि माझी लेक दोन पावलं लांब उभी राहून आपण ओळखतच नाही असं दाखवते.

व्यापारी गेला. मी आनंदानं आईकडे बघितलं. आता आई आत्याला सांगणार, भंडारा खोटा ठरणार, आत्या राहणार! पण आई चुलीपुढं बसून भांडी आपटायला लागली. मी म्हटलं, "आये, सांग की आत्याला." तर म्हणाली, "तू गप. मोठ्यांच्यात पडू नगंस." मला वाटलं, बरोबरच आहे. रोजची कटकट आपल्या पायानं चाललीय, ती कशाला अडवेल? मी स्वतःच धावत आत्याकडे गेले आणि व्यापाऱ्याचं बोलणं सांगितलं. आत्या म्हणाली, "येपाऱ्याला भाव पाडायचा असंल. कोंबड्या मानमोडीनं गेल्या." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आन खरं असलं तरी मला कसं म्हनता यील बाळ? लोक म्हनतील, जायाचं न्हाय म्हनून देवाला खोटं पाडलं."

पाव्हणा आला. यावेळी केळी जास्त होती. आत्यानं शेवटचा एक उपाय काढला. आमच्यात अडलेल्या गोष्टीचा कौल देवाच्या मेंढ्याला विचारायची पद्धत होती. परातीत प्रसाद ठेवायचा, मेंढा सोडायचा. त्यानं तोंड लावलं तर देवाची इच्छा, तोंड फिरवलं तर नाही. "राजानं खाल्लं तर ह्या पावली निघते," आत्या म्हणाली. पाव्हणा हसला, कारण राजाची कीर्ती त्याच्या गावापर्यंत पोचलेली होती. साबण खाणारा मेंढा मक्याला तोंड फिरवेल?

पण मी काही बारावीला उगाच नव्हते. पोट भरलेलं जनावर खात नाही, एवढं शास्त्र मला येत होतं. मी राजाला गोठ्यामागं नेलं आणि चारायला सुरुवात केली. शेवरीचा पाला, भाकरी, चांगल्या कणसांचे दाणे, गुळाचा खडा, माझ्या वाटणीची केळी सालीसकट. राजानं सगळं आवडीनं खाल्लं आणि माझा हात चाटला. त्याचं पोट हलगीसारखं ताणलं, तेव्हा मी त्याला अंगणात आणलं. माणसं गोल करून उभी होती. अण्णा नेहमीसारखे खांबाला टेकून गप्प. अण्णा आयुष्यात इतकं कमी बोलले की त्यांचं बोलणं आम्ही सणासारखं लक्षात ठेवायचो. मध्ये पितळी परात, तिच्यात ती हिरवट पिवळी कणसं. आत्या डोळे मिटून हात जोडून उभी.

मी राजाला सोडलं. राजा थांबला. त्यानं एक भलामोठा ढेकर दिला. माझ्या आशेला पालवी फुटली. मग त्यानं परातीकडे बघितलं, कान हलवले, आणि डुलत डुलत, देवाच्या भक्तांना दर्शन द्यावं तसा चालत निघाला. मेल्याच्या पोटाला तळच नव्हता! पाव्हण्यानं निघायच्या तयारीनं आपली पिशवी हातात घेतली. राजानं मान खाली घातली, ओठ पुढं काढले, आणि त्याच क्षणी आई ओसरीवरून उठली आणि तिनं परातीला अशी लाथ घातली की परात ठणाणत दारापर्यंत गेली. कणसं चौफेर. राजा घाबरून माझ्यामागं लपला.

"वैनी!" पाव्हण्याचा आवाज चिरकला. "देवाच्या परातीला पाय लावला तुमी?"

"पाय न्हाय लावला, लाथ घातली," आई म्हणाली. "नीट बघा. भंडारा न्हाय ही, बुरशी हाय बुरशी! माझ्या कोंबड्या गेल्या हिनं. आता मेंढा घालवू? आन मेंढ्याच्या मागनं ही म्हातारी घालवू?"

"म्हातारी कुनाला म्हनतीस गं?" आत्याचे डोळे अजून मिटलेलेच होते, पण तोंड आपलं काम विसरलं नव्हतं.

"तुमास्नीच म्हनते!" आई रडत होती आणि ओरडत होती. "पाव्हणं, वन्सं कुटं जायाच्या न्हाईत. तुमच्या दादाला भाकरी पायजे तर पीठ देते, सोता थापा म्हनावं. ही पोर गोवरानं तापली तवा हिला मांडीवर घिऊन कोन बसलं हुतं? मी बाळंतपणात मरता मरता वाचले, तवा माझ्या उशाला कोन हुतं? मला ना आई ना बहीण. आन ह्यो दादला बघा, खांबाला टेकल्याला. ह्यो तर बोलतच न्हाय! वन्सं गेल्या तर मी सकाळी उठून भांडू कुनासंगं?"

अण्णांनी खांब सोडला. त्यांनी खाली पडलेली कणसं एकेक करून उचलली, चुलीकडे नेली आणि जाळात टाकली. परत येऊन म्हणाले, "आक्का हितंच ऱ्हानार." एवढंच बोलले आणि पुन्हा खांबाला टेकले. पाव्हण्याला कुणी बस म्हणेना, तेव्हा तो निघाला. उरलेली केळी मात्र परत घेऊन गेला.

माणसं पांगली. आत्या तिथंच जमिनीवर बसली, नाक पुसलं, आणि आईकडे बघून म्हणाली, "हौसे, तुला कवाधरनं ठाव हुतं?"

"येपारी आला तवाधरनं."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलले असते तर तुमी काय म्हनला असता? हौशीला देवाचंबी बघवत न्हाय."

"व्हय, म्हनलेच असते," आत्या म्हणाली. "पर वन्सं जाऊ नगा, एवढं तरी म्हनायचंस की गं. मी इतकं दिस वाट बघत हुते, ह्या घरात कोन तरी म्हनंल."

आईनं पडलेली परात उचलली, पदरानं पुसली, आणि चुलीकडे जाता जाता म्हणाली, "मला कवा इचारलंसा? तुमी आपल्या देवालाच इचारत बसलासा."